दस्तुरी नाक्याच्या पुढे
माथेरानच्या जुन्या बंगल्यांमधला पाहुणचार : माहितीपटाचं निवेदन

(दस्तुरी नाका. गाड्यांची रांग, घोडे, डोक्यावर बॅगा घेतलेले हमाल.)

नेरळहून घाट चढून आलेली गाडी इथे थांबते. इथून पुढे माथेरान, आणि माथेरानात मोटार चालत नाही. रुग्णवाहिका सोडली तर कुणाचीच नाही, मग ती मंत्र्याची असो की हॉटेलमालकाची. बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटरवर. नगरपालिकेचा प्रवासी कर भरायचा, बॅग हमालाच्या हवाली करायची आणि चालू लागायचं. चालवत नसेल तर घोडा आहे, जवळच्या अमन लॉज स्टेशनाहून मिनी ट्रेनची शटल आहे, आणि अलीकडे ई-रिक्षाही आली आहे.

गावातले बरेच जुने बंगले आता हॉटेलं झाले आहेत. त्यांचा पाहुणचार याच नाक्यावर सुरू होतो. घ्यायला आलेला हॉटेलचा माणूस आधी पाहुण्याच्या पायांकडे बघतो. उंच टाचा दिसल्या की काही न विचारता घोडेवाल्याला हाक मारतो.

(लाल मातीची वाट. दोन्ही बाजूंना दाट झाडी. झाडीत बंगल्याचं उतरतं छप्पर.)

1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढून आले. माथेरानचा शोध लागला तो तेव्हा, असं छापील इतिहास सांगतो. ठाकर, धनगर आणि कातकरी लोकांना हा डोंगर आधीपासूनच पाठ होता, पण त्यांनी त्याची कागदावर नोंद केली नव्हती, एवढंच. मॅलेटनी इथे घर बांधलं. मग गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले, आणि मुंबईच्या उन्हाळ्याला कंटाळलेल्या साहेबांची रीघ लागली. कॅप्टन बार यांचं बार हाऊस इथल्या अगदी सुरुवातीच्या घरांपैकी. पुढे त्याचंही हॉटेल झालं.

हे बंगले नीट बघा. जांभ्या दगडाचा उंच जोता, चहूबाजूंनी खोल व्हरांडा, उतरतं छप्पर, आणि भोवती एवढं मोठं आवार की शेजारचा बंगला दिसतच नाही. यात हौस आहेच, पण पाऊस जास्त आहे. उभ्या-आडव्या पावसाची झड खोलीच्या भिंतीपर्यंत पोचू नये, म्हणून व्हरांडा एवढा खोल. पाहुणे पुढे कौतुक करतात त्या वेताच्या खुर्च्या आणि चहाचं टेबल तिथे नंतर आलं.

तेव्हा नेरळहून वर यायला तट्टू, पालखी किंवा स्वतःचे पाय. 1907 मध्ये छोटी रेल्वे सुरू झाली आणि हे गणित बदललं. आदमजी पीरभॉय यांचा पैसा, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द. दोन फूट रुंदीचा रूळ, सुमारे 21 किलोमीटर वळणं, खर्च 16 लाख रुपये. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज करत गाडी वर येते, आणि मध्ये एकच छोटा बोगदा लागतो. त्याला 'वन किस टनेल' म्हणतात. का, ते तुम्हीच ओळखा. साहेबांच्या मागोमाग मुंबईची पारशी, बोहरी, गुजराती कुटुंबं आली. या हॉटेलांची रीतभात आजही त्यांच्याच सवयींवर बेतलेली आहे.

(मे महिना. जेवणाचा हॉल. स्टीलच्या ताटांचा आवाज.)

इथे 'सीझन' म्हटलं की मे महिना. भाड्यात सगळं आलं: सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, चारचा चहा, रात्रीचं जेवण. वेळ झाली की घंटा वाजते आणि व्हरांड्यातले पत्ते तसेच उलटे टाकून माणसं उठतात. जैन जेवणाचं टेबल वेगळं. संध्याकाळी हॉलमध्ये हौजी. आकडे पुकारणारा बहुतेक वेळा हॉटेलचा मॅनेजरच असतो, आणि प्रत्येक आकड्याला त्याची ठरलेली कोटी असते. त्याच कोट्यांना तेच आजोबा दर वर्षी हसतात. काही कुटुंबं पिढ्यान् पिढ्या एकाच हॉटेलात उतरतात, तेही एकाच खोलीत. ती खोली दुसऱ्याला दिली तर रुसवा ठरलेला.

भटारखान्याची कसरत मात्र पाहुण्याला दिसत नाही. तांदूळ, तेल, दूध, भाजी, गॅसचा सिलिंडर, साबणाची वडी, सगळं दस्तुरीपर्यंत टेम्पोनं येतं आणि पुढे घोड्याच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर. शहरात आयत्या वेळी बारा ताटं जास्त लागली तर पोऱ्याला कोपऱ्यावर पिटाळता येतं. इथे उद्या किती माणसं जेवायला, हे आज संध्याकाळीच ठरवावं लागतं. पाण्याचंही तेच. शार्लोट तलाव आहे, पण गर्दीच्या दिवसांत भिस्त असते ती खालून पंपानं चढवलेल्या पाण्यावर. 'बादली भरून ठेवा' अशी पाटी दिसली तर ती कंजूषपणाची समजू नका.

सकाळी वाड्यांवरच्या ठाकर आणि कातकरी बायका डोंगर चढून येतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत करवंदं, जांभळं, नाहीतर रायवळ आंबे. पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं मिळतात. घासाघीस करण्याआधी त्या किती चढून आल्या आहेत, याचा हिशोब मनात करावा, असं माझं मत.

आणि माकडं! व्हरांड्यात चहाचा ट्रे आला की छपरावर हालचाल होते. सराईत वेटर साखरेचं भांडं शेवटपर्यंत तळहाताखाली झाकून आणतो, कप ठेवतो, साखर घालून ढवळूनच देतो आणि भांडं परत नेतो. नवख्या पाहुण्याला वाटतं, काय ही बडदास्त.

(हातरिक्षा ओढणारे. घोड्याच्या नालांचा आवाज.)

म्हाताऱ्या पाहुण्यांसाठी इथे वर्षानुवर्षं हातरिक्षा होती. एक जण पुढे ओढणार, दोघं मागून ढकलणार. माणसानं माणसाला ओढायचं, हे बघून अनेक पाहुणे ओशाळायचे, पण पोटापाण्याचा दुसरा मार्ग ओढणाऱ्याकडे नव्हता. 2003 मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, आणि वाहनबंदी आणखी पक्की झाली. ई-रिक्षाची चाचणी 2022 च्या डिसेंबरात सुरू झाली. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा महिन्यांच्या आत हातरिक्षा बंद करायला सांगितलं. घोडेवाले यावर खूश नाहीत. ई-रिक्षांमुळे धंदा बसेल ही एक धास्ती, आणि लाल मातीच्या वाटेवर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात ही दुसरी तक्रार. हॉटेलवाल्यांचं म्हणणं, ई-रिक्षा असली तर वयस्क पाहुणे परत येतील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मला स्वतःला हातरिक्षा जाण्याचं जराही वाईट वाटत नाही. लाल मातीची वाट जाण्याचं वाटतं.

(जून. धुकं. व्हरांड्याला ताडपत्री बांधणारे हात.)

जूनच्या सुरुवातीला शेवटचं मोठं कुटुंब खाली उतरतं आणि आवरासावर सुरू होते. वेताच्या खुर्च्या आत. व्हरांड्याच्या पावसाकडच्या बाजूला ताडपत्री, बांबूच्या काठ्यांना ताणून बांधलेली. कपाटांत कापराच्या वड्या. नेरळ-माथेरान गाडी पावसाळ्यापुरती थांबते, अमन लॉजची शटल तेवढी चालू राहते. थांबवण्याला कारण आहे. 26 जुलै 2005 च्या पावसात रूळ असा वाहून गेला की गाडी पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडलं.

पूर्वी पावसाळ्यात गाव जवळजवळ मिटलेलं असायचं. आता शनिवार-रविवारी भिजायला येणाऱ्या पोरांचे घोळके असतात. त्यांच्यासाठी हॉटेल चार-सहा खोल्या उघड्या ठेवतं. हा पाहुणचार मेपेक्षा वेगळा. घंटा नाही, हौजी नाही. पाहुणा दारात उभा राहतो तेव्हा त्याच्या बुटांतून पाणी निथळत असतं. त्याला आधी गोणपाट, मग टॉवेल, मग आल्याचा चहा. कांदाभजी न सांगता येते. खरा प्रश्न कपड्यांचा. चार-चार दिवस ऊन नाही, दोरीवरची चादर तिसऱ्या दिवशीही दमट. अशा वेळी सगळ्यात मानाची जागा म्हणजे भटारखान्याची चुलीकडची भिंत. तिथल्या दोरीवर मालकाची बनियन आणि पाहुण्याची जीन्स शेजारी शेजारी वाळतात.

धुकं एवढं उतरतं की पॅनोरमा पॉईंटवर पॅनोरमा नसतो आणि इको पॉईंटवर फक्त इको असतो. पैसे वसूल करायला आलेला पाहुणा चिडतो. ज्याला सकाळी शीळकरी कस्तूर या पक्ष्याची लांबलचक, अगदी माणसासारखी शीळ ऐकू आली, तो मात्र चिडत नाही. हॉटेलातली पोरं सांगतात, पहिल्यांदा आलेला पाहुणा खिडकीतून डोकावून विचारतो, कोण शिट्टी मारतंय?

(ऑक्टोबर. अंगणात ओळीनं मांडलेल्या गाद्या.)

नवरात्राच्या सुमारास ऊन पडतं आणि प्रत्येक हॉटेलच्या अंगणात गाद्या येतात. एक बाजू सकाळी, दुसरी दुपारी. चामड्याच्या वस्तूंवरची बुरशी पुसायची, सुजलेली दारं रंधून बसवायची, कौलं बदलायची, शेवाळलेल्या पायऱ्या घासायच्या. दिवाळीत गुजराती कुटुंबं येतात, त्याआधी हे सगळं उरकायचं असतं. खाली नेलेले घोडे परत वर येतात. चिक्कीची दुकानं नव्यानं मांडली जातात. चामडी चपलांचे जोड दारावर लटकू लागतात.

मग थंडी. नाताळ आणि 31 डिसेंबरचा गोंगाट एकदा सरला की जानेवारीचे मधले दिवस निवांत असतात. शाळांच्या सहली येतात, पण त्या संध्याकाळी उतरून जातात. दुपारी जांभळाच्या झाडावर शेकरू दिसलं, तर माळीसुद्धा काम टाकून बघत उभा राहतो. याच दिवसांत मालकाला पाहुण्याशेजारी बसायला सवड मिळते, आणि आचारी विचारतो, 'आज काय करू?' मेमध्ये तो हा प्रश्न कुणालाही विचारत नाही.

कधी जावं, असं मला विचाराल, तर जानेवारीतला एखादा मंगळवार धरा. घोड्याचा दर जरा खाली येतो, हवी ती खोली मिळते, आणि शार्लोट तलावाकाठच्या पिसरनाथाच्या देवळात तुमच्याशिवाय फार तर पुजारी असतो. टॉर्च आणि शाल तेवढी घ्या. आणि हो, चाकांची बॅग आणू नका. ती शेवटी हमालाच्या डोक्यावरच जाते, आणि चाकांचं वजन त्याला फुकट पडतं.