काठावरचं पहिलं मिनिट
(तापीकाठच्या गावांतील स्वयंसेवकांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषणाचं संपादित शब्दांकन)

पोलीस पाटील, आशाताई, होमगार्डचे जवान आणि शेतातली कामं टाकून आलेली तरुण मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

राज्य आपत्ती प्रतिसाद दल उभं राहिलं तेव्हा त्याच्या तुकड्या नागपूर आणि धुळे इथे ठेवल्या गेल्या. म्हणजे दल आपल्या खान्देशातच आहे. तरीही धुळ्याहून निघालेली गाडी धडगावच्या डोंगरात किंवा चोपड्याच्या नदीकाठी येईपर्यंत बुडणाऱ्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पहिला हात गावातल्याच माणसाचा लागतो. २०१६ मध्ये केंद्राने ‘आपदा मित्र’ योजना सुरू केली आणि गावच्या स्वयंसेवकांसाठी १२ दिवसांचं प्रशिक्षण आखलं, ते याचसाठी.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते असं, की आपल्याकडे धावून जाणारे कमी नाहीत. धावण्याआधी थांबणारे कमी आहेत.

विहिरीचं बघा. उन्हाळ्यात गाळ काढायला एक जण उतरतो आणि तळाशी कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाच्या मागे शेजारी. एका घरातून दोन-तीन तिरड्या निघाल्याच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा माझा जीव तुटतो. कारण त्यातला पहिला कदाचित वाचला नसता, पण बाकीचे नक्की वाचले असते. पालापाचोळा कुजलेल्या, वापरात नसलेल्या विहिरीत कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही, वास नाही. ऑक्सिजन फारच कमी झाला असेल तर दोन-चार श्वासांतच शुद्ध जाते. ‘जीव घाबरला तर वर येईन’ म्हणणाऱ्याला तेवढी सवड मिळतच नाही. संडासाच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. वास येईनासा झाला म्हणून वायू गेला असं धरून चालू नका. कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे. ज्योत विझली तर उतरायचं नाही, हे बरोबरच आहे. पण ज्योत टिकली म्हणजे विहीर निर्धोक, हे चूक. शिवाय आत मिथेन असेल तर भडका उडेल.

मग करायचं काय? ११२ ला फोन, अग्निशमन दलाला निरोप, आणि श्वासाचं उपकरण आल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. काठावर आई हंबरडा फोडत असताना तिच्या दुसऱ्या मुलाला धरून ठेवणं फार अवघड असतं. पण ते काम तुमचंच आहे. खरा उपाय त्याच्याही आधीचा आहे: गाळ काढायला उतरणाऱ्याच्या अंगावर सुरुवातीपासून छातीचा पट्टा आणि दोर हवा, आणि वर दोर धरायला दोन माणसं हवीत. म्हणजे तो कोसळला तरी खाली न उतरता वर ओढता येतो.

नदीचंही तसंच. आपल्याकडे आभाळ कोरडं असतं, पाऊस पडतो बऱ्हाणपुराकडे नाहीतर पूर्णेच्या खोऱ्यात. मग हतनूरचे दरवाजे उघडतात आणि तापी चढते. धरणाला ४१ दरवाजे आहेत. किती उघडले ही बातमी नदीपात्रात गुरं घेऊन गेलेल्यापर्यंत पोहोचवायची कोणी, हे प्रत्येक गावाने आधीच नावानिशी ठरवायला हवं. बुडणाऱ्यासाठी थेट उडी नको. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, नीट फेकला जावा म्हणून त्यात थोडं पाणी ठेवा, झाकण घट्ट लावा, कॅनच्या मुठीला दोर बांधा. माणसाच्या खांद्यापलीकडे फेका आणि ओढताना काठावर आडवे पडा. दोराचं टोक स्वतःच्या कमरेला किंवा मनगटाला कधीच बांधायचं नाही.

गर्दी आवरणं हीसुद्धा मदतच आहे. २२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात परधाड्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली. लोक शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. अशा वेळी सूचना देणारा आवाज एकच हवा. गळ्यात शिट्टी असलेला माणूस प्रत्येक पथकात असू द्या.

उष्माघात आणि साप यांवर दुपारी डॉक्टर बोलतीलच. मी एवढंच सांगतो की बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, आणि चावलेल्या जागी ना ब्लेड ना करकचून दोरी. हातपाय न हलवू देता १०८ च्या गाडीने दवाखाना गाठा. महामार्गावर अपघातग्रस्ताला उचलताना पोलिसांच्या चौकशीला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

एक मागणी मात्र सरपंचांकडे आहे. समोर बघितलं तर नव्वद टक्के पुरुष बसलेत. भर दुपारी पुरुष केळीच्या बागेत, बाजाराला नाहीतर कामाला सुरतेला. गावात असतात त्या बाया. छाती दाबून हृदय चालू ठेवायचं, म्हणजे मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, हे अंगणवाडीच्या ताईंनाही आलं पाहिजे. पुढच्या शिबिरात बचत गटांच्या निम्म्या बायका हव्यात. दुपारी चार वाजेपर्यंत जे गावातच असतात त्यांची यादी आणा, पथक त्याच यादीतून निवडू.