तीन वर्षांचं मूल आणि विलंबित लय

मंडळी, आजच्या गप्पांचा विषय आहे तीन वर्षांच्या मुलासोबतचा आनंद. त्यातला 'आनंद' हा शब्द वाचून मघाशी दारातच एका मैत्रिणीने मला अडवलं. म्हणाली, "आनंद कसला डोंबलाचा? आज सकाळी डाव्या पायात उजवी चप्पल घालायची म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं आमच्या चिरंजीवांनी." तिचं काही चुकलं नाही. या वयाचं मूल दमवतं, आणि दमलेल्या माणसाला कुणी 'हे दिवस पुन्हा येत नाहीत' असं सांगितलं की दोन लगावून द्याव्याशा वाटतात. मी तसलं काही सांगणार नाहीये. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि माझी कन्या सव्वातीन वर्षांची आहे. माझं म्हणणं एवढंच, की या वयात डोकं कसं चालतं हे थोडं ठाऊक असलं, तर ज्या गोष्टीचा वैताग येतो तिचीच गंमत वाटायला लागते. माया तर सगळेच करतात, ती शिकवावी लागत नाही.

पोळीचंच घ्या. परवा रात्री कन्येला तूप-गूळ लावून पोळी वाढली आणि सवयीने तिचे दोन तुकडे केले. झालं! खालचा ओठ बाहेर आला, डोळे डबडबले, "मला अख्खी हवी!" मी तव्यावरची गरम पोळी द्यायला तयार होते, पण तिला तीच हवी होती, तीच जोडून. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "हट्ट आहे नुसता, लक्ष देऊ नकोस." आता हट्ट तर होताच. पण त्यामागे एक हिशेब असतो. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने (1896–1980) मुलांसमोर एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतून दाखवलं. लहान मुलं सांगत, पाणी वाढलं. आकार बदलला तरी माल तेवढाच राहतो, हे कळायला साधारण सहा-सात वर्षं उजाडतात. तोवर जे डोळ्यांना दिसतं ते खरं. म्हणजे मी पोळी मोडली तेव्हा तिच्या लेखी तिची पोळी गेलीच, आणि ताटात कसले तरी दोन तुकडे येऊन पडले. तिचा आकांत तिच्या बाजूने अगदी रास्त होता.

याच गोष्टीचा उलटा फायदाही घेता येतो. पोट भरत आलेलं असताना उरलेल्या अर्ध्या पोळीचे लहान लहान तुकडे मांडले की ती खूश, 'कित्ती आहेत!' आणि हे काही पियाजेने आपल्याला शिकवायला नको. एका मुठीच्या वरणभाताचे काऊचा घास, चिऊचा घास, हम्माचा घास करून भरवणाऱ्या आजीला ते केव्हाचं माहीत आहे. फक्त आपण काय करतोय ते तिने कधी लिहून काढलं नाही.

लपाछपीत तर या वयाची खरी मजा आहे. कन्या पडद्यामागे लपते. पडद्याखालून दोन्ही पाय बाहेर, पैंजणांसकट. मी मोठ्याने म्हणते, "कुठे बरं गेली ही?" आणि पडदा उत्तर देतो, "मी इकडे नाहीये!" आपण हसतो आणि 'भोळी आहे' म्हणून सोडून देतो. पण जरा थांबून बघा, काय चाललंय ते. समोरच्याच्या डोक्यात आपल्याहून वेगळी माहिती असू शकते, ही कल्पनाच तिच्यात अजून नीट रुजलेली नाही. 1983 साली हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या दोघांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. माक्सी नावाचा मुलगा एका कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो. मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. माक्सी परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुतेक करून सांगतात, जिथे आत्ता आहे तिथे. चार-पाच वर्षांची होता होता त्यांच्या लक्षात येतं, की माक्सीला बिचाऱ्याला काय माहीत!

मी हा प्रयोग घरी बेसनाच्या लाडवांवर केला. आजी देवळात गेल्या, आम्ही डबा ओट्यावरून फ्रीजमध्ये ठेवला. विचारलं, "आजी आल्यावर लाडू कुठे शोधेल?" कन्येने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "फ्रीजमध्ये! तिथेच तर आहे ना!" मला जे माहीत आहे ते अख्ख्या जगाला माहीत आहे, अशी ज्याची खात्री आहे, त्याला धड खोटं बोलता येत नाही, गुपित राखता येत नाही. बाबांच्या वाढदिवसाचा शर्ट आम्ही लपवून ठेवला होता. ते दारातून आत पाऊल टाकतात न टाकतात तोच, "बाबा, तुमचा निळा शर्ट कपाटात आहे, सांगायचं नाहीये!" घरात इतकं पारदर्शक माणूस वर्षभरासाठीच राहायला येतं. पुढे चार-साडेचारला ते पहिलं नीटस खोटं बोलतं, आणि मानसशास्त्रवाले म्हणतात, अभिनंदन, प्रगती झाली. आईला मात्र तेव्हा थोडी चुटपुट लागतेच.

बोलण्याचंही असंच. "मी करलं" असं आमच्याकडे दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं. घरात कुणी तसं बोलत नाही, मग हे आलं कुठून? बसली, वाचलं, पळाली यांच्यातून तिने आपली आपण एक रीत शोधून काढली आणि ती 'कर'ला लावली. टोकू नका. "हो का, तू केलंस?" एवढंच म्हणावं, ती आपोआप वळणावर येते. इंदुरातल्या मराठी आयांना आणखी एक काळजी असते, घरी मराठी, गल्लीत हिंदी, पोराचा गोंधळ होईल. होत नाही. मधूनमधून सरमिसळ होते, ती तर आपणही करतो. पण कुणाशी काय बोलायचं हे त्यांना बरोबर कळतं. आमची कन्या आजीला "मला पाणी दे" म्हणते आणि शेजारच्या आंटींना "मुझे पानी चाहिए". उलट करताना मी तिला अजून पाहिलेलं नाही.

आणि आपल्या शहराची खास देणगी म्हणजे कचरागाडी! 2017 पासून आपण स्वच्छतेत पहिला नंबर मिरवतोय, पण त्याची खरी कौतुकं तीन वर्षांच्या मुलांना. सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडीचं गाणं वाजलं की तोंडातला पोह्यांचा घास तसाच ठेवून पळापळ. मटारच्या सालांची छोटी बादली तिच्या हातात, मोठी माझ्या. मग दुपारभर सोफा ही कचरागाडी आणि त्यावर उभी राहिलेली ही मालकीण. आम्ही रांगेत. "गीला की सूखा?" आजींनी चष्म्याचं घर दिलं, "सूखा." मी रिकामा कप दिला, तिने आत वाकून पाहिलं, तळाशी चहाचा थेंब होता. "गीला! उधर डालो!" अंगणवाडीची ताई असो वा मोठ्या पगाराची शिक्षिका, इतक्या बारकाईने बघायला तिला कुणी बसवून शिकवलं नसतं. सोफा ही गाडी आहे आणि तो सोफाही आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात सांभाळणं हे काम सोपं नाही. पुढे अक्षर म्हणजे आवाज आणि आकडा म्हणजे वस्तू, हे समजायला हेच सामर्थ्य उपयोगी पडतं.

म्हणून 'एवढी तीन वर्षांची झाली, अजून एबीसीडी येत नाही' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. पाहुणे आले की पोराला मधोमध उभं करायचं, "काकांना पोएम म्हणून दाखव," हा प्रकारही मला मुळीच आवडत नाही. 2020 च्या शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा सलग पायाभूत टप्पा मानला आहे, खेळातून शिकायचा, आणि पहिलीचं वय सहा ठरवलं आहे. पण आपल्याला ते नवं वाटायला नको. भावनगरला गिजुभाई बधेका वकिली सोडून 1920 साली बालमंदिर उघडून बसले. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, 1926 मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला आणि पुढे ताराबाईंनी बोर्डी आणि कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपल्यांवर बालवाड्या चालवून दाखवल्या. महागडी साधनं परवडत नव्हती हे खरं, पण मुलांना त्यावाचून काही अडलंही नाही. त्यानंतर शंभर वर्षांनी आपण तीन वर्षांच्या मुलाची 'मुलाखत' घेणाऱ्या शाळेच्या रांगेत उभे आहोत.

मोबाईलबद्दल विचारणारच तुम्ही, म्हणून उरकून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी सांगितलंय: स्क्रीन दिवसाला फार तर 1 तास, हालचाल किमान 3 तास, झोप 10 ते 13 तास. आमच्याकडे तो तास कधी कधी ओलांडला जातो. तुमच्याकडेही जात असेल.

आता चालण्याबद्दल. राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत तुम्ही-आम्ही चार-पाच मिनिटांत पोचतो. तीन वर्षांच्या मुलाला घेऊन निघा. पायरीवरची मुंग्यांची रांग, मग तीच पायरी परत एकदा, बांगड्यांचं दुकान, बसलेली गाय, गायीची शेपटी, उघडं गटार, 'आत काय आहे?', 'का आहे?' आपले इंदूरचे उस्ताद अमीर खाँ झूमरा तालात अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीत गात, तसं हे चालणं. नवखा माणूस समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघून कंटाळतो, ज्याला कान आहे तो मधल्या जागा ऐकत बसतो. घाई असेल त्या दिवशी सरळ कडेवर घ्यावं, त्यात काही कमीपणा नाही. पण आठवड्यातून एकदा तरी कुठेच पोचायचं नाही असं ठरवून निघावं. प्रश्नांची उत्तरं बरोबर यायला हवीत असंही नाही. "गाय का बसली?" याला "तुला काय वाटतं?" असं विचारून बघा. मला मिळालेलं उत्तर होतं, "तिची आई ऑफिसला गेली."

एक गोष्ट जरा कठीण आहे. मोठेपणी आपल्याला आठवणारी सगळ्यात जुनी आठवण सर्वसाधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. म्हणजे हा सोफा, ही गाडी, पडद्यामागचं ते उत्तर, यातलं माझ्या लेकीला जवळजवळ काहीच आठवणार नाही. पहिल्यांदा हे शिकवताना मी वर्गात कोरडेपणाने सांगून टाकलं होतं. आता सांगताना आवाज जरा वेगळा येतो. पण मग वाटतं, आठवणीसाठी म्हणून करायचं असतं तर आपण फक्त वाढदिवस केले असते. तिला प्रसंग आठवणार नाहीत, पण विचारलं की कुणीतरी उत्तर देतं आणि रडलं की कुणीतरी जवळ घेतं, हा भरवसा अंगात मुरतो. प्रसंगांचं खातं मात्र आपल्याकडे. माझ्या सासूबाईंना विचारा, त्यांचा मुलगा तीन वर्षांचा असताना पाटणीपुऱ्याच्या बाजारात भाजीवाल्याला काय म्हणाला ते त्या आवाज काढून सांगतात, आणि तो चाळिशीचा गृहस्थ शेजारी बसून कान लाल करून ऐकतो.

तर आता तुमचे प्रश्न. लवकर विचारा, कारण आज जेवण भरवायची पाळी त्याच चाळिशीच्या गृहस्थावर आहे आणि पोळी मोडायची नाही हे मी त्यांना सांगायला विसरले आहे.