पोकलेनची कंबर

पट्ट्यांवर चालणाऱ्या खोदयंत्राला आपल्याकडे कुणी एक्सकॅव्हेटर म्हणत नाही. फ्रान्सच्या पोक्लेन कंपनीचं नाव इथे यंत्राचंच नाव होऊन बसलं, पोकलेन. चाकांवरचा तो जेसीबी. दोघांतला फरक रस्त्याकडेला उभं राहून बघणारं पोरही सांगतं. जेसीबीचा मागचा हात डावी-उजवीकडे झुलतो, पोकलेन कमरेतून अख्खा फिरतो. लेगो टेक्निक या जोडखेळण्याच्या तुकड्यांतून पोकलेन, क्रॉलर क्रेन किंवा रणगाडा बांधायला बसलात की अवघड काम असतं ते या कमरेचंच. आजचं बोलणं तेवढ्यापुरतं आहे. बूम (लांब हात), बकेट आणि त्यांना हलवणारे अ‍ॅक्चुएटर आज बाजूला ठेवू.

खऱ्या पोकलेनमध्ये इंजिन आणि पंप वर, पट्टे चालवणाऱ्या मोटरी खाली. तेल वरून खाली जातं ते बरोबर मध्यातल्या एका फिरत्या जोडातून, म्हणून वरचं धड एकाच दिशेने कितीही वेळा फिरलं तरी नळ्या पिळत नाहीत. लेगोच्या मोटरी-बॅटरींच्या पॉवर फंक्शन्स (जुनी) किंवा पॉवर्ड अप (नवी) मालिकेत विजेसाठी असा फिरता जोड नाही. तेव्हा पहिला तुकडा जोडण्याआधीच ठरवायचं असतं की काय खाली राहील, काय वर, आणि कमरेतून नेमकं काय जाईल. वायर, अ‍ॅक्सल (फिरणारा दांडा) की काहीच नाही?

सर्वात निर्वेध उत्तर आहे ‘काहीच नाही’. खाली एक बॅटरीचा हब, वर दुसरा हब, दोन्ही ब्लूटूथवर. २०१९ साली आलेल्या लीबहेर आर ९८०० या ४१०८ तुकड्यांच्या संचात हेच केलं आहे. ७ मोटरी आणि २ हब, एक खालच्या सांगाड्यात आणि एक धडात. कंबर मोकळी, फेऱ्यांना मर्यादा नाही. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक खिशाला, आणि दुसरी जागेला, कारण सांगाड्यात सहा सेलचा हब बसवायचा तर मॉडेल मोठंच करावं लागतं.

दुसरं उत्तर वायरचं. पट्ट्यांच्या मोटरी खाली, बॅटरी वर, वायरी टर्नटेबलच्या, म्हणजे कमरेच्या फिरत्या दातेरी कडीच्या, भोकातून. छोट्या मॉडेलला हेच बरं पडतं. फक्त वायर भोकाच्या मधोमध, उभी आणि सैल उतरली पाहिजे. भोकाच्या वर आणि खाली मिळून सहा-आठ स्टड, म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर, उंचीची मोकळी वायर ठेवली तर दोन्ही बाजूंना दीड-दोन फेऱ्या निघतात. ती भोकाच्या कडेने नेली तर पिळण्याऐवजी ताणली जाते, आणि पहिल्याच फेरीत प्लगपाशी ओढ बसते. पॉवर फंक्शन्सच्या वायरीत चार तारा आहेत, पॉवर्ड अपमध्ये सहा. नवी वायर जास्त ताठ, तिला जास्त मोकळीक द्या. चालवणाऱ्याला किती फेऱ्या झाल्या हे कळावं म्हणून धडाचं तोंड सरळ असताना वायर कुठल्या बाजूला वळली आहे हे दिसणारी एक फट ठेवावी.

तिसरं उत्तर अ‍ॅक्सलचं. मोटर वर, तिची गती मध्यातून उभ्या अ‍ॅक्सलने खाली. हे सर्वात देखणं. सर्वात फसवंही तेच, आणि ते का फसतं हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. त्याकडे वळूच. आधी धड फिरवायचं कसं ते बघू.

टेक्निकमध्ये एक स्टड म्हणजे ८ मिलिमीटर. दातेरी चाकांचं माप असं ठेवलं आहे की दात्यांची संख्या हाच त्यांचा मिलिमीटरमधला व्यास. २० दात्यांच्या चाकाची त्रिज्या १० मिलिमीटर, ६० दात्यांच्या टर्नटेबलची ३०. दोन्ही जोडली की केंद्रांमधलं अंतर ४० मिलिमीटर, बरोबर ५ स्टड, म्हणजे भोकं आपोआप जुळतात. तिथे १२ दात्यांचं चाक लावलं तर ३६ मिलिमीटर होतात, साडेचार स्टड. मग अर्ध्या स्टडची सोय करावी लागते. ती केली नाही आणि चाक पाच स्टडवरच ठेवलं, तर दाते एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत आणि धड हलत नाही.

आता वेग. पॉवर फंक्शन्सची मध्यम मोटर भार नसताना मिनिटाला साधारण ४०० फेरे घेते. एवढा वेग कमरेला दिला तर मॉडेल उलटेल. मोटरवर वर्म, म्हणजे स्क्रूसारखं चाक, वर्मला २४ दात्यांचं चाक. वर्मच्या एका फेऱ्याला चाकाचा एक दाता सरकतो, म्हणून २४ पट घट. त्याच अ‍ॅक्सलवर २० दात्यांचं चाक, ते टर्नटेबलच्या ६० दात्यांना, आणखी ३ पट. एकूण ७२ पट. धड मिनिटाला साडेपाच फेऱ्या मारेल, एका फेरीला अकरा सेकंद. क्रेनला हेही जास्त वाटेल, तिथे १२ दात्यांचं चाक लावून अठरा सेकंदांवर आणा. रिचार्जेबल सेल वापरणाऱ्यांनी वेग पाचव्या हिश्शाने कमी धरावा, कारण सहा सेलचे ९ व्होल्टऐवजी ७.२ व्होल्टच मिळतात.

वर्म केवळ वेग कमी करण्यासाठी नाही. वर्म चाकाला फिरवतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही. उतारावर उभ्या मॉडेलचं धड बूमच्या वजनाने आपोआप खाली वळू नये, म्हणून हे कुलूप लागतं. खऱ्या यंत्रात त्यासाठी ब्रेक असतो.

पण वर्मची एक खोड आहे. चाक त्याला मागे रेटत असतं आणि तो अ‍ॅक्सलवर सरकतो. दोन्ही बाजूंना बुश (अ‍ॅक्सलवर बसणाऱ्या छोट्या कड्या) लावून तो घट्ट धरला नाही तर दिशा बदलताना आधी वर्म सरकतो आणि मग धड हलतं. ही ढिलाई टोकाला किती दिसते बघा. कमरेत एक अंशाची ढिलाई असेल तर केंद्रापासून ३० सेंटिमीटरवरच्या बकेटला ती ५ मिलिमीटर होऊन दिसते. सगळी ढिलाई काढता येत नाही, टर्नटेबलच्या दात्यांत थोडी राहतेच. वर्मची ढिलाई मात्र पूर्ण काढता येते, आणि काढलीच पाहिजे. वर्म आणि २४चं चाक ज्या चौकटीत आहेत ती चारही बाजूंनी बंद हवी. तीन बाजूंची चौकट भाराखाली उघडते आणि दाते सुटतात.

२४ दात्यांचं एक पांढरं चाक असं मिळतं की ज्याच्या आत क्लच असतो. त्यावर २.५ आणि ५ न्यूटन-सेंटिमीटर असे आकडे कोरलेले आहेत, त्या दरम्यान ते घसरतं. वर्मसमोर साध्याऐवजी हे चाक लावलं तर पुढच्या तिप्पट घटीमुळे कमरेला जास्तीत जास्त १५ न्यूटन-सेंटिमीटर जोर मिळतो. २० सेंटिमीटरवर ते साधारण ७५ ग्रॅमच्या ढकलीइतकं. बूम भिंतीला अडकली तर क्लच घसरेल, दाते वाचतील. लहान मुलांच्या हातात जाणाऱ्या मॉडेलला हे लावाच. मात्र वर्मचं कुलूपही मग क्लचच्या जोराइतकंच उरतं. लांब बूमच्या क्रेनला साधं चाकच बरं.

टर्नटेबल हे दोन प्लास्टिकच्या कड्या एकमेकींत अडकवून केलेलं आहे, आत बेअरिंग नाही. सरळ दाब ते छान सोसतं, कलंडणारा भार नाही. धडाचा गुरुत्वमध्य कडीच्या आत, म्हणजे केंद्रापासून ३० मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. तो बाहेर गेला की एका बाजूने कडी उचलली जाते, दुसऱ्या बाजूने घासते, आणि धड अर्धी फेरी सहज, अर्धी फेरी रडत पूर्ण करतं. म्हणून बॅटरी बॉक्स नेहमी बूमच्या विरुद्ध टोकाला, खऱ्या यंत्रात प्रतिभार असतो तिथेच. तपासायला धड टर्नटेबलवरून काढा, बूम पूर्ण लांबवा आणि आडव्या पेन्सिलीवर तोला. मग बूम मिटवून पुन्हा तोला. दोन्ही वेळेचे तोलबिंदू कडीच्या आत पडेपर्यंत वजन मागेपुढे करा. फार लांब बूम असेल तर सांगाड्यावर कडीबाहेर चार गुळगुळीत टाइल (बिनखुंटीचे चपटे तुकडे) बसवून धडाला त्यांवर टेकू द्यावा.

आता मध्यातून जाणाऱ्या अ‍ॅक्सलकडे.

वरची मोटर थांबलेली आहे, म्हणजे तिने मधला अ‍ॅक्सल धडाशी जखडून ठेवला आहे. आता धड एक फेरी फिरवा. अ‍ॅक्सल धडाबरोबर फिरला, म्हणजेच सांगाड्याच्या दृष्टीने त्याने एक फेरा घेतला. त्याला खाली पट्टे जोडलेले आहेत. पट्ट्यांची मोटर बंद, तरी गाडी चालली! खाली ५ पट घट असेल, आणि १० दात्यांचं पट्ट्याचं चाक धरलं, तर हिशोब सोपा आहे. पट्ट्याची एक कडी १२ मिलिमीटर, एका फेऱ्याला १२० मिलिमीटर, त्याचा पाचवा भाग २४. धडाच्या प्रत्येक फेरीला गाडी २४ मिलिमीटर सरकणार. बंद मोटरची गाडी सरकली की लोक मोटर बदलतात, रिमोट बदलतात. दोष मोटरचा नाही. कमरेतून जाणाऱ्या प्रत्येक गतीत कमरेची फेरी मिसळतेच. रणगाड्याच्या बुरुजात तोफ वर-खाली करणारी मोटर खालच्या सांगाड्यात ठेवली तर तिथेही हेच होतं. बुरूज वळला की तोफेचं तोंड आपोआप वर किंवा खाली जातं.

इलाज दोन. पहिला, जितकी घट करायची ती टर्नटेबलच्या खाली करा. वर मोटर आणि सरळ अ‍ॅक्सल, खाली वर्म आणि २४चं चाक, तर सरकणं फेरीला ५ मिलिमीटरवर येतं. वर्म बराच जोर घर्षणात खातो, म्हणून हे संथ क्रेनला चालेल, पोकलेनला जड जाईल.

दुसरा इलाज पक्का आहे. डिफरन्शियलने, म्हणजे दोन बाजूंच्या गती एकत्र करून आपल्या केसला (बाहेरच्या कवचाला) देणाऱ्या जोडणीने, ती फेरी वजा करायची. डिफरन्शियल धडात बसवा. एका बाजूच्या अ‍ॅक्सलला मोटर, दुसऱ्या बाजूला कमरेची गती, आणि केसवरून मधल्या अ‍ॅक्सलला समान दात्यांच्या जोडीने जोड. केसचा वेग दोन्ही बाजूंच्या बेरजेच्या निम्मा असतो, म्हणून कमरेची गती दुप्पट करून द्यावी लागते. ती मिळते अशी: सांगाड्याला पक्क्या केलेल्या ६० दात्यांवर धडातलं २० दात्यांचं मोकळं चाक फिरतं, तिप्पट. त्याच अ‍ॅक्सलवर १६ दात्यांचं चाक, त्याला २४ दात्यांचं. तिपटीची झाली दुप्पट, आणि १६ नि २४ मधलं अंतर २० मिलिमीटर, म्हणजे अडीच स्टड. पुन्हा अर्ध्या स्टडची सोय लागेल, ती आधीच करून ठेवा. दिशेचा गोंधळ कागदावर सोडवत बसू नका. मोटर बंद ठेवून धड हाताने एक फेरी फिरवा आणि खालून अ‍ॅक्सलकडे बघा. तो सांगाड्याच्या तुलनेत जागीच राहिला तर जुळलं. एका फेरीला दोन फेरे घेतले तर वजाबाकीऐवजी बेरीज झाली आहे, मध्ये एक आयडलर, म्हणजे फक्त दिशा उलटवणारं चाक, वाढवा.

अ‍ॅक्सलच्या वाटेला आणखी एक गोष्ट चिकटलेली आहे. पट्टे जड असतील तर मोटर अ‍ॅक्सल फिरवताना स्वतः उलट दिशेने ढकलली जाते, आणि तिच्यासकट सगळं धड. कमरेत वर्मचं कुलूप नसेल तर पुढे जाण्याचं बटण दाबल्यावर पट्टे जागीच आणि धड गोल फिरतं. दोन पट्टे स्वतंत्र चालवायला दोन अ‍ॅक्सल मध्यातून न्यायचा मोह होतो. मध्यावर एकच अ‍ॅक्सल बसतो, दुसरा त्याच्याभोवती पोकळ हवा, आणि तेवढ्या जागेत सगळंच ढिलं होतं. दोन पट्टे वेगळे हवे असतील तर त्यांच्या मोटरी खालीच ठेवा.

खालची घट १२ला २० आणि मग १२ला ३६ अशी करा. गुणाकार बरोबर ५ येतो. ८ला ४० नेही ५च येतात, पण ८ दात्यांचं चाक जागच्या जागी वळताना हार मानतं. सरळ जाण्यापेक्षा जागी वळताना पट्टे आडवे घासतात आणि कितीतरी जास्त जोर लागतो. दाते तिथे सुटतात, म्हणून चाचणी सरळ चालवून नव्हे, वळवून घ्या. गुळगुळीत फरशीवर प्लास्टिकचे पट्टे घसरतात. कड्यांच्या भोकांत बसणाऱ्या रबरी खुंट्या मिळतात, त्या एकआड एक कडीला लावल्या तरी पुरे. ताण मोजायचा तर एक कडी वाढवली की पट्ट्याची दोन टोकाची चाकं ६ मिलिमीटरने लांब न्यावी लागतात, आणि ते स्टडच्या जाळ्यात बसत नाही. दोन कड्या वाढवल्या तर १२ मिलिमीटर, दीड स्टड, तेवढं बसवता येतं. वरची बाजू बोटाने दाबली की अर्धा स्टड दबावी. तारेसारखा ताठ पट्टा चाकं जाम करतो, लोंबणारा वळताना उतरतो.

बांधायला घेताना आधी फक्त कंबर बांधा. खाली एक साधी चौकट, टर्नटेबल, वर्मची पेटी, वर बूमऐवजी एक लांब बीम आणि टोकाला भरलेल्या बकेटइतकं वजन. दोन्ही दिशांना दहा-दहा फेऱ्या, मग चौकटीखाली वही सरकवून तिरकं करून पुन्हा दहा. कान लावून ऐका. एकसारखी गुणगुण हवी. आवाज फेरीत एकाच जागी जड होत असेल तर तोल चुकला आहे, दर दात्याला टिकटिक येत असेल तर अंतर. वर्मची पेटी त्या वेळी उघडी आणि हाताशी असते. वर केबिन आणि पत्रे चढल्यावर तिथे पोचायला निम्मं यंत्र सोडवावं लागतं.