मतदार यादीतलं बाईचं नाव

राम राम, जय भीम सगळ्या मायबहिणींना. कापूस वेचायचं सोडून आल्या तुम्ही, म्हणून जास्त लांबवत नाही.

इंग्रज गेले आन बायकांना मत फुकटात भेटलं असं लय जण म्हणतात, ते मला बिलकूल पटत नाही. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू बायकांचं शिष्टमंडळ घेऊन मद्रासला इंग्रज सरकारच्या भारतमंत्री माँटेग्यू साहेबाला भेटल्या, आम्हालाही मत पाहिजे म्हणून. मग मत कोणाला द्यायचं हे ठरवायला साउथबरो कमिटी बसली, तिनं नाही म्हटलं, आन १९१९ च्या कायद्यानं हा विषय प्रांतांवर ढकलून दिला. मद्रास, मुंबईनं १९२१ मध्येच दिलं, आपला मध्यप्रांत-वऱ्हाड १९२७ पर्यंत बसून राहिला.

बरं, भेटलं तरी कोणाला भेटलं? मत होतं जमिनीला, टॅक्सला, जी अट माणसाला तीच बाईला. आता तुम्हीच सांगा जी, तेव्हा किती बायकांच्या नावावर वावर होतं? निंदण बाईचं, वेचणी बाईची आन कागद माणसाचा, मग मतही त्याचंच. १९३५ च्या कायद्यात अजून दारं उघडली, लिहिता-वाचता येत असेल किंवा नवऱ्याची मालमत्ता असेल तर बायकोलाही मत. पण बायकांच्या मोठ्या संघटनांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलं होतं की नवऱ्याच्या जिवावरचं मत आम्हाला नको, सगळ्या सज्ञान माणसांना द्या, गरिबातल्या गरिबालाही. मला त्या बायकांचा लय अभिमान वाटतो, कारण त्यातल्या बऱ्याच जणी स्वतः खात्यापित्या घरच्या होत्या.

आन आपल्या नागपुरात, जुलै १९४२ मध्ये, दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, बाबासाहेब स्वतः हजर, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. कायदेमंडळात आमच्या बायका पाहिजेत ही मागणी तिथं झाली. शाळेच्या पुस्तकात हे काऊन नसते, मला समजत नाही.

१९५० मध्ये संविधान आलं, कलम ३२६, सगळ्यांना मत. अन् इथंच मोठा घोळ झाला. पहिल्या निवडणुकीची यादी करणारा दारात येऊन नाव विचारे तर बाई सांगे, अमक्याची बायको, तमक्याची माय. परक्या माणसाला नाव सांगायची रीतच नव्हती. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, स्वतःचं नाव नसेल तर नोंद नाही, आन जवळपास २८ लाख बायकांची नावं कटली, जास्त करून बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान या भागातली. तेव्हा लोकं लय ओरडले, पण मला सेन साहेबांचं बरोबर वाटतं, कारण अमक्याची बायको म्हणून घेतलं असतं तर तेच पुढं चालू राहिलं असतं. त्याच निवडणुकीत नागपुरातून अनसूयाबाई काळे लोकसभेत गेल्या.

आता आजचं. पोरगी लग्न होऊन सासरी जाते, नाव माहेरच्या यादीतच राहते, मतदानाच्या दिवशी गाडीभाडं खर्चून कोण जाते? तिच्यासाठी फॉर्म ८ आहे, पत्ता बदलायचा. नवीन अठरा वर्षाची असेल तर फॉर्म ६, आन आता वर्षातून चार तारखा धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची एक. सून नवीन आली असेल तर तिला घेऊन बीएलओकडं, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या माणसाकडं जा, आधार सोबत ठेवा, आन नाव तिलाच सांगू द्या, सासूनं मधात बोलू नये.