आधी फॅक्टर, मग तारीख

[सातारा एस.टी. स्टँड. कुबडी टेकत उतरणारा तिशीतला माणूस.]

हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार. रक्त गोठवणारं प्रथिन, आठवा फॅक्टर, एक टक्क्याहून कमी. लहानपणापासून गुडघ्यात रक्त साचत गेलं, कूर्चा झिजली. आता गुडघा बदलायचाय. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियाचं डे केअर केंद्र आहे. पण एवढं मोठं ऑपरेशन मात्र रोज फॅक्टरची पातळी मोजता येईल आणि रक्तविकारतज्ज्ञ हाताशी असेल तिथंच करावं.

[निळ्या झाकणाची नळी, जवळून.]

पहिली तपासणी इनहिबिटरची, म्हणजे फॅक्टर निकामी करणाऱ्या प्रतिद्रव्यांची. शरीरानं ती भरपूर तयार केली असतील, तर फॅक्टरच्या कितीही बाटल्या दिल्या तरी पातळी चढत नाही. मग आठव्या फॅक्टरला वळसा घालून रक्त गोठवणारी बायपासिंग औषधं लागतात, सगळा बेतच बदलतो. नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. रक्त कमी पडलं की नळीतलं सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) जास्त होतं आणि रिपोर्ट फसवा येतो.

आता हिशेब. वजन ६० किलो. किलोमागे १ युनिट दिलं की आठव्या फॅक्टरची पातळी २ टक्के चढते. १०० टक्क्यांसाठी ३,००० युनिट, म्हणजे ५०० च्या सहा बाटल्या. डोसनंतर पातळी बघायची, मगच चीर. पण ८ ते १२ तासांत ती निम्मी होते, म्हणून डोस चालूच ठेवावा लागतो. दोन आठवड्यांचा साठा सहज ३० हजार युनिटांवर जातो. तो फ्रिजमध्ये आल्याशिवाय तारीख देऊच नये.

[तळव्यांत फिरणारी बाटली.]

फॅक्टर विरघळवताना बाटली जोरात हलवली की फेस येतो. अलगद फिरवायची.

घोळ होतो तो बहुतेक वेळा टेबलावर नाही, वॉर्डात. चौथा-पाचवा दिवस, पट्टी कोरडी, रात्रीचा डोस राहून जातो. सकाळी गुडघा टरारून फुगलेला. पहिले तीन दिवस पातळी ६० ते ८० टक्के हवी, सहाव्यापर्यंत ४० ते ६०, चौदाव्यापर्यंत ३० ते ५०. दुखण्यावर पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक नको, स्नायूत सुई तर नकोच.

गुडघा वाकवायचा व्यायामही डोस दिल्यावरच. टाके काढायच्या दिवशी एक बाटली वेगळी काढून ठेवा. घरी गेल्यावर चार ते बारा आठवड्यांत इनहिबिटर पुन्हा तपासायचा. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख आजच लिहून द्या.