एक जानेवारीची रेघ

मंडळी, २०१६च्या सप्टेंबरात गोव्यात सोळा वर्षांखालील मुलांची आशियाई फुटबॉल स्पर्धा झाली. सोळा संघ, प्रत्येकाचे तेवीस खेळाडू आणि फातोर्डा, बांबोळी अशी दोन मैदानं. २ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात इराक आणि इराण गोलशून्य राहिले आणि पेनल्टीवर इराकनं ४-३ अशी बाजी मारली. हे दोघे, जपान आणि उत्तर कोरिया असे चार संघ पुढच्या वर्षी भारतात होणाऱ्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाला पात्र ठरले. यजमान म्हणून आपली जागा आधीच पक्की होती. गटात मात्र आपण तळाला राहिलो: अमिरातीकडून २-३ हार, सौदीशी ३-३ बरोबरी, इराणकडून ०-३ हार.

हे सगळं नोंदवहीत आहेच. मला बोलायचंय ते नियमातल्या एका ओळीबद्दल. खेळाडूचा जन्म १ जानेवारी २०००ला किंवा त्यानंतर झालेला असावा, अशी ती ओळ. आदल्या रात्री जन्मलेला मुलगा बाहेर. पण खरी गंमत रेघेच्या आत आहे. नाव ‘सोळा वर्षांखालील’ असलं तरी जानेवारी २०००चा मुलगा त्या स्पर्धेत सोळा वर्षं आठ महिन्यांचा होता आणि डिसेंबर २०००चा पंधरा वर्षं नऊ महिन्यांचा. वाढीच्या ऐन भरात मुलगा वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर उंच होतो. निवड चाचणीत दोघं एकाच चेंडूवर उडी मारतात, थोरला हेडर जिंकतो आणि वहीत त्याच्या नावापुढे खूण पडते. जगभरच्या कुमार संघांत जानेवारी ते मार्चमधल्या जन्मांची गर्दी दिसते, ती यामुळे. ते जास्त गुणी नसतात, आधी जन्मलेले असतात.

आता वयाच्या कागदांकडे येऊ. आपल्याकडे ‘एक जून’वाले किती आहेत, हे शाळेच्या कुठल्याही जुन्या हजेरीपटात पाहा. दाखल्याच्या वेळी जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. म्हणून पालकांना सांगणं एवढंच, की जन्माची नोंद एकवीस दिवसांत करून घ्या. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही आणि उशिरा केलेल्या नोंदीकडे स्पर्धेचे आयोजक संशयानंच पाहतात.

कागदावर भागत नाही, म्हणून मनगटाचा एमआरआय आला. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं तो २००९च्या नायजेरियातल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून लावला. क्ष-किरण का नाही? निरोगी मुलावर उपचाराची गरज नसताना किरणं कशाला टाकायची, म्हणून. एमआरआयमध्ये ती किरणं नाहीत, सुई नाही, औषध नाही. मुलानं काही मिनिटं हात न हलवता ठेवायचा. डॉक्टर पाहतात ते रेडियस या कोपरापासून मनगटापर्यंतच्या, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं मनगटाकडचं टोक. वाढत्या वयात तिथे कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, पट्टा असतो आणि वय वाढेल तसा तो भरून हाड एकसंध होतं. याच्या सहा पायऱ्या ठरवल्यात. पहिलीत पट्टा पूर्ण उघडा असतो, चौथीत निम्म्याहून जास्त भरलेला, पाचवीत पाच मिलिमीटरपेक्षाही कमी तुकडा उरलेला, सहावीत काहीच नाही. सहावी पायरी सतरा वर्षांखालच्या मुलात फारच क्वचित सापडते, म्हणून सहावी दिसली की मुलगा बाद.

इथे एक घोळ नेहमी होतो. ही चाचणी वय सांगत नाही. अठराव्या वर्षीही कितीतरी मुलांचा पट्टा अजून थोडा उघडा असतो, त्यामुळे पाचव्या पायरीवरचा मुलगा सतरा वर्षांखालचाच आहे असं सिद्ध होत नाही. कुपोषणानं हाडांची वाढ मागे पडली असेल तर आणखीच फसगत. मुलींची हाडं लवकर जुळतात, म्हणून हाच निकष त्यांना लावता येत नाही. आणि चार महिने सराव करून घेतल्यावर संघ निघायच्या आठवड्यात एमआरआय काढणं हा तर मुलावर सरळ अन्याय आहे. तो शिबिराच्या पहिल्याच दिवशी काढा.

उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी बेल्जियमच्या फुटबॉल महासंघानं वेगळे संघच ठेवले, त्यांना आंतरराष्ट्रीय सामने दिले. मला हा उपाय सगळ्यांत मोलाचा वाटतो. आपल्या तालुक्याला तेवढं जमणार नाही, पण फूटपट्टी जमते. दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, उभ्यानं आणि बसून उंची मोजा आणि जन्ममहिन्याशेजारी लिहा. निवडीला बसताना वही समोर ठेवा. उंची एकदम वाढू लागली की त्या काळात उड्या आणि जोरदार फटक्यांचा सराव निम्म्यावर आणा. गुडघ्याच्या वाटीखाली दुखरं टेंगूळ आलं, तर तो ऑसगुड-श्लॅटर हा वाढीच्या वयातला गुडघ्याचा विकार असण्याची शक्यता मोठी. तिथलं हाड अजून कोवळं असतं आणि मांडीचा स्नायू त्याला ओढत असतो. मुलगा नाटक करत नसतो. त्याला डॉक्टरांना दाखवा, दुखणं उतरेपर्यंत धावणं कमी करा, आणि तोवर पासिंग करू द्या.