ट्रकमधून उतरवलेला माणूस

(पो नदीचा बांध. ट्रकच्या काचेतून समोर सरकणारा रस्ता.)

ही उत्तर इटलीतली पो नदी. फेराराच्या आसपास ती इतकी संथ होते की पाणी कुठल्या दिशेनं वाहतंय ते कळायला काठावर जरा उभं राहावं लागतं. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला खाली पसरलेली शेतं आणि मधून बांधावरचा रस्ता. १९४२ साली लुकिनो व्हिस्कोंती नावाचा पस्तिशीचा दिग्दर्शक आपला पहिला सिनेमा करायला इथं आला. सोबत होती एका अमेरिकन कादंबरीची कथा. त्या कथेचे हक्क त्याच्याकडे नव्हते.

(पुस्तकाची पानं.)

कादंबरी जेम्स एम. केन यांची, १९३४ सालची. नाव ‘द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस’. आत पोस्टमन कुठंच भेटत नाही. भेटतो फ्रँक, काम नाही, घर नाही असा माणूस. गवताच्या ट्रकमध्ये चोरून झोपलेला असतो. भर दुपारी त्याला खाली फेकतात आणि तो रस्त्याकडेच्या खाणावळीत जेवायला शिरतो. पहिल्याच वाक्यात केननी त्याला रस्त्यावर आणून टाकलंय. अमेरिकेत मंदी होती, असे कितीतरी फ्रँक तेव्हा गावोगाव हिंडत होते. खाणावळवाल्याची बायको कोरा. आयोवातून सौंदर्यस्पर्धा जिंकून हॉलिवूडला आलेली आणि नटी व्हायच्या ऐवजी स्वस्तातल्या हॉटेलात ताटं वाढत बसलेली. तिथून सुटायला तिनं लग्न केलं, आणि पुन्हा स्वयंपाकघरातच आली. मला ही कादंबरी आधी या थकव्याची वाटते आणि मग खुनाची.

(फेराराचे रस्ते. सायकली.)

व्हिस्कोंती मिलानच्या उमराव घराण्यातला. तिशीत पॅरिसला गेला आणि फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वारचा सहायक झाला. कादंबरीच्या फ्रेंच भाषांतराची टंकलिखित प्रत रन्वारनंच त्याच्या हाती दिली. फ्रेंचांनी तिच्यावर १९३९ साली सिनेमा करून झालाही होता. इकडे रोममध्ये ‘चिनेमा’ मासिकात लिहिणारी तरुण मंडळी इटालियन सिनेमातल्या चकचकीत दिवाणखान्यांना विटली होती. त्यातले काही व्हिस्कोंतीबरोबर पटकथेला बसले. कॅलिफोर्निया गेलं आणि पोचा काठ आला. फ्रँकचा जिनो झाला, कोराची जोव्हाना.

आता सुरुवात नीट बघा.

(ट्रक थांबतो.)

श्रेयनामावली संपेपर्यंत आपण ट्रकमध्येच बसून आहोत. ट्रक खाणावळीपाशी थांबतो. मागे झोपलेल्या जिनोला खाली उतरवतात. त्याचा चेहरा अजून दिसलेला नाही. मळकट पाठ आणि टोपी, एवढंच. आतून बाईच्या गाण्याचा आवाज येतो. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो, ती वर बघते, आणि तेव्हा कुठं कॅमेरा झपकन त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. म्हणजे जिनो झालेल्या मासिमो जिरोत्तीचा चेहरा आपण जोव्हाना झालेल्या क्लारा कालामाईच्या नजरेनं पहिल्यांदा पाहतो. केनची कादंबरी सगळी फ्रँकच्या तोंडून येते. व्हिस्कोंतीनं पहिल्या काही मिनिटांतच नजर त्या बाईला देऊन टाकली.

(अँकोना बंदर.)

पुढे ही माणसं अँकोनाला जातात. नवऱ्याला ऑपेराचं वेड, तो तिथल्या गाण्याच्या स्पर्धेत उभा राहतो आणि व्हेर्दी गातो. मूळ पुस्तकातला ग्रीक नवराही गाणारा, पण इथं त्याच्या आवाजाला बंदराची गर्दी आणि गरम हवा मिळाली. जिनो आणि जोव्हाना नवऱ्याचा खून करतात, विम्याचे पैसे येतात, संशय येतो, मोटार नदीत कोसळते.

सिनेमाचं नाव ‘ओसेसिओने’, म्हणजे झपाटलेपण. १९४३ साली तो दाखवला गेला. मुसोलिनीचा मुलगा व्हित्तोरिओ “ही इटली नव्हे!” असं ओरडून उठून गेला म्हणतात. फॅसिस्टांनी सिनेमावर बंदी आणली, मूळ निगेटिव्ह नष्ट केली. व्हिस्कोंतीनं एक दुय्यम निगेटिव्ह स्वतःजवळ ठेवली होती. आज आपण बघतो ती प्रत्येक प्रत त्या एका डब्यातून आलेली आहे.

(फिल्मचा डबा. जवळून.)

हॉलिवूडला ही कथा पडद्यावर आणायला १९४६ उजाडलं. हक्क एमजीएम स्टुडिओकडे कधीचे होते, पण सेन्सॉरच्या धास्तीनं काम अडून राहिलं होतं. दिग्दर्शक टे गार्नेटनं लाना टर्नरला जवळजवळ सबंध सिनेमाभर पांढऱ्या कपड्यांत ठेवलं. ती देखणी दिसते, जॉन गारफिल्डही उत्तम आहे. पण तेलकट चुलीपाशी राबणारी बाई इतकी शुभ्र राहत नाही. १९८१ सालच्या हॉलिवूडच्याच दुसऱ्या सिनेमात जॅक निकल्सन आणि जेसिका लँग यांनी तो कणकेचा, पिठाचा ओटा परत आणला. २००८ मध्ये जर्मनीत क्रिस्टियान पेट्झोल्डनं ‘येरिखो’ केला. त्यात नवरा तुर्की वंशाचा आहे, आणि उपरेपण त्याच्याही वाट्याला आलंय.

हक्कांच्या अडचणीमुळे अमेरिकेत ‘ओसेसिओने’ १९७६ पर्यंत दाखवता आला नाही. त्याच वर्षी व्हिस्कोंती गेला होता.

(खाणावळीचं स्वयंपाकघर, रात्र.)

गिऱ्हाइकं गेलीत. जोव्हाना एकटी आहे. टेबलावर रिकाम्या बाटल्या, उष्टी भांडी. ती ताटलीत थोडं वाढून घेते, समोर वर्तमानपत्र धरते.

(इथून निवेदन नाही. दृश्य पूर्ण चालू द्यावं.)